बेअरिंग मागितलं, अहवाल मिळाला

"ताई, तुमच्या सुनेनं आमच्या ह्यांना काय करून ठेवलंय हो? परवापासून टीव्हीचा रिमोट हातात घेतला तरी मोठमोठ्यानं बोलत बसतात. 'आता मी हे बटण दाबतोय. मला वाटतंय आवाज वाढेल. नाही वाढला. आता मी चिडलोय.' समोरच्या मास्तरबेन कालच विचारून गेल्या, भाईंची तब्येत बरी आहे ना म्हणून."

मेंदीच्या कुंपणापलीकडून वहिनींचा हा सवाल आला तेव्हा मी कढीपत्ता तोडत होते. भावजींची तब्येत ठणठणीत होती. त्यांना फक्त मनातलं बोलून दाखवायला सांगितलं होतं, आणि तो कार्यक्रम आमच्याच ओट्यावर झाला होता. वहिनी हजर होत्या, पण त्यांचा निम्मा वेळ चहात गेला आणि निम्मा मधे तोंड घालण्यात. त्यामुळे मुद्द्याचं काहीच त्यांच्या हाती लागलं नव्हतं. आणि डभोईत अर्धवट बातमी पूर्ण बातमीपेक्षा लवकर गावभर होते. म्हटलं, कढई गॅसवर नाही ना? मग थांबा, सगळं सांगते.

आमची सून बडोद्याच्या फाइन आर्ट्सला शिकलेली. लग्न ठरलं तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं, मुलगी चित्रं काढते. नंतर कळलं की चित्रं काढत नाही, वेबसाइटी लोकांना वापरता येतात की नाही ते बघते. त्याला म्हणतात युजेबिलिटी.

"म्हणजे परीक्षा घेते."

"घेते, पण वेबसाइटची. समोरच्या माणसाची नाही. बसल्या बसल्या पहिलं वाक्य तेच सांगते."

"मग ह्यांना घाम का फुटला होता?"

"घाम सगळ्यांनाच फुटतो म्हणे. आपल्याला शाळेपासून सवय ना, समोर कोणी वही घेऊन बसलं की चूक आपलीच."

तर झालं असं. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत पंप बनवणारी एक कंपनी आहे. नाव सांगत नाही, आपल्या फळियातलीच दोन पोरं तिथे कामाला आहेत. तिची वेबसाइट चांगली दहा वर्षांची जुनी. उघडली की आधी एक मोठं चित्र सरकत यायचं. कारखान्याचं गेट, मग उगवता सूर्य, मग संस्थापकांचा हार घातलेला फोटो, मग आमचं ध्येय, आमची दूरदृष्टी. पंप कुठे आहेत ते विचारू नका. साहेबांची तक्रार एवढीच की वेबसाइट जुनाट दिसते, जरा रंगबिंग बदलून द्या. सून म्हणाली, रंगाचं नंतर बघू, ती उघडतं कोण ते आधी सांगा. साहेब म्हणाले, कस्टमर. कुठला कस्टमर? तर म्हणे, कस्टमर एटले कस्टमर!

आता वहिनी, तुमचे हे केमिकल कारखान्याच्या मेंटेनन्स स्टोअरला इतकी वर्षं आहेत. रात्रपाळीत पंप बसला की फोन कुणाला येतो? साहेबाला नाही येत. रॅकमधून सुटा भाग काढून द्यायचा, नसला तर कुठून मागवायचा ते बघायचं, हे भावजीच करतात. यांच्याहून खरा कस्टमर आणखी कुठून आणायचा? म्हणून त्यांना बोलावलं.

"अहो पण नुसतं बोलायला का लावलं?"

"ती रीतच आहे. आयबीएममधल्या क्लेटन लुईस यांनी 1982 साली ती लिहून ठेवली. माणसाला काम द्यायचं आणि करता करता मनात येईल ते मोठ्यानं बोलायला सांगायचं. नुसता पडदा बघून हात कुठे अडला ते दिसतं, का अडला ते नाही दिसत."

काम सोपं होतं. पंपाचं बेअरिंग गेलंय, ते या वेबसाइटवर शोधून मागणी टाका. भावजींनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. पहिलं वाक्य आलं, "हे कोण आजोबा? बरं, नमस्कार." चित्रावर बारीक अक्षरात 'उत्पादने' लिहिलं होतं. तिथे बाण नेला, तर चित्र सरकलं आणि क्लिक पडलं सूर्योदयावर. परत आले. वरच्या पट्टीवर बाण ठेवला, खाली लांबलचक यादी उघडली. यादीतल्या पंपाकडे बाण तिरका न्यायला लागले, तर वाटेत यादी मिटली. परत उघडली, परत मिटली. "हे मला खेळवतंय," भावजी म्हणाले. सुनेनं वहीत लिहून घेतलं.

मग त्यांनी शोधाच्या चौकटीत टाइप केलं, 6312. बेअरिंगचा हा नंबर जगात कुठेही जा, तोच असतो. शेवटच्या 12 ला 5 नं गुणायचं की आतलं भोक निघतं 60 मिलिमीटर. भावजींना हे झोपेतून उठवून विचारा, सांगतील. वेबसाइटला मात्र ठाऊक नव्हतं. तिनं त्यातले शेवटचे दोन आकडे धरले आणि 2012 सालचा वार्षिक अहवाल काढून दिला.

"तेव्हा मीच म्हटलं ना, अहो खाली कॉन्टॅक्ट लिहिलंय, तिथे दाबा."

"म्हटलंत. आणि सुनेनं ओठावर बोट ठेवलं. आठवतं?"

"आठवतं तर! मला राग आला होता. माणूस एवढा अडलाय, आणि ही पोरगी शेजारी बसून बघते. हात धरून दाखवायला काय जातं?"

मलाही तसंच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. पण रात्री जेवताना तिनं सांगितलं ते पटलं. म्हणाली, आई, मी दाखवलं असतं तर काकांचं काम झालं असतं आणि माझं बुडालं असतं. रात्री अडीच वाजता स्टोअरमध्ये ते एकटे असतील तेव्हा मी कुठे असणार शेजारी? कुठे अडतात ते बघायलाच तर बसले होते. गप्प बसणं हाच त्या धंद्यातला सगळ्यात अवघड भाग म्हणे. वहिनींकडे बघून मी हे जरा सावकाश सांगितलं.

वहिनींना ते लागलं नाही. त्यांचा प्रश्न निराळाच होता. "असे किती जण धरले तिनं?"

"पाच."

"पाच? एवढा पगार घेऊन पाच माणसं? आपल्याकडे पापडाला बायका जमतात त्याहून कमी."

पाचाचंही गणित आहे. याकोब निल्सन हे या विषयातलं मोठं नाव. त्यांनी आणि टॉम लँडॉअर यांनी 1993 साली आकडेमोड करून दाखवलं की एक माणूस साधारण एकतीस टक्के अडचणी उघड्या पाडतो. दुसरा बराचसा त्याच जागी अडखळतो, थोड्या नव्या दाखवतो. पाचव्या माणसापर्यंत पंच्याऐंशी टक्के सापडलेल्या असतात. पुढे पैसे खर्चून तेच तेच ऐकायचं, त्यापेक्षा दुरुस्ती करावी आणि नव्या पाच जणांना बसवावं. हे सगळ्यांना मान्य आहे असं नाही. मोठ्या, गुंतागुंतीच्या साइटला पाच पुरत नाहीत असं म्हणणारेही आहेत, आणि मला विचाराल तर तेही बरोबरच असणार. म्हणून सुनेनं पाच स्टोअरवाले घेतले आणि पाच निराळे घेतले, जे नवा कारखाना उभा राहताना कुठला पंप बसवायचा ते ठरवतात. त्या सल्लागारांचं रडगाणं वेगळं. पाणी किती उंच चढवायचंय ते हेड आणि तासाला किती हवं तो डिस्चार्ज, एवढं त्यांना माहीत असतं, पंप कुठला ते हवं असतं. वेबसाइट आधी मॉडेलचं नाव विचारायची. एक जण म्हणाले, "मॉडेल माहीत असतं तर मी इथे कशाला आलो असतो?" पुढे माहितीपत्रक उघडलं तर कुठल्याशा झेरॉक्सचं तिरकं स्कॅन, त्यातल्या आलेखाच्या रेघा एकमेकींत मिसळलेल्या.

"हे शिकवतात तरी कुठे?" वहिनींनी विचारलं. कुंपणावर कोपर टेकलं होतं, म्हणजे आता लवकर हलायच्या नव्हत्या.

म्हटलं, भावजी रोज सकाळी आपल्याला मराठीत सुप्रभात पाठवतात ना, तो कीबोर्ड बघितलाय? अक्षर दाबलं की त्याच्याभोवती चक्र उमटतं, का कि की कु कू. ते स्वरचक्र. आयआयटी मुंबईच्या आयडीसीत, म्हणजे तिथल्या डिझाइनच्या शाळेत, अनिरुद्ध जोशी सरांच्या गटानं बनवलं. ते आयडीसी 1969 पासून आहे. इकडे अहमदाबादची एनआयडी त्याहून जुनी, 1961 ची. बाराखडी ज्या क्रमानं डोक्यात बसलेली आहे तसा कीबोर्ड हवा, इंग्रजी टाइपरायटरच्या क्रमाचा माणसाला काय उपयोग, असा तो सगळा विचार. भावजींना कुणी शिकवायला आलं होतं का? नाही ना? तेच तर.

"ह्यांना कुणी न शिकवता येतं असं घरात हे एकच," वहिनी म्हणाल्या.

आणि गिऱ्हाइकाच्या डोक्यानं बघायचा हा विचार काही परवाचा नाही. आमच्या सासऱ्यांकडे 'किर्लोस्कर' मासिकाचे बांधलेले अंक होते, पेटीभर. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा शेतकरी म्हणायचे लोखंडानं जमिनीत विष भिनतं. पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. 1910 साली किर्लोस्करवाडी वसली, आणि 1920 साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढलं, कारखान्याचं वार्तापत्र म्हणून. त्याचंच पुढे महाराष्ट्रभर वाचलं जाणारं मासिक झालं. कारखान्याच्या कागदावर गिऱ्हाइकाच्या घरातल्यांना वाचावंसं वाटेल असं काहीतरी असावं, हे त्या माणसाला शंभर वर्षांपूर्वी सुचलं होतं. मकरपुऱ्याच्या साहेबांना सुचलं नाही म्हणून त्यांना फार बोल लावण्यात अर्थ नाही. जगभर तेच चाललंय. निल्सनसाहेबांनी 2006 साली मोजून सांगितलं होतं की सर्वसाधारण साइटवर लोकांची शंभरातली 66 कामं पार पडतात, आणि कंपन्यांनी कंपन्यांना माल विकायच्या साइटवर 58. म्हणजे साडी घेणं सोपं, पंप घेणं अवघड. लोकांची मोठी तक्रार काय, तर किंमत लिहीत नाहीत.

"ते तर बरोबरच आहे. किंमत लिहिली तर घासाघीस कशी करणार?"

वहिनी अस्सल बडोदेकर. साहेबांचं म्हणणं अक्षरशः हेच होतं. पण सुनेनं त्यांना अमेरिकेतल्या मॅकमास्टर-कारची साइट दाखवली. 1901 पासूनची ती कंपनी, स्क्रू, नट, पाइप, झडपा, सात लाखांच्या वर वस्तू विकते. साइटवर ना सूर्योदय, ना आजोबा. डावीकडे वस्तूंची यादी, समोर प्रत्येकीचं पेन्सिलीनं काढल्यासारखं चित्र, माप, आणि किंमत. दिसायला अगदी साधी. पण उघडते अशी पटकन की जगभरचे डिझाइनवाले तिचं उदाहरण देतात. साहेब बघत राहिले आणि म्हणाले, "ही तर आपल्यापेक्षा जुनाट दिसते."

आता मजा पुढे आहे. सुनेनं सगळ्या पंपांची नावं एकेका कार्डावर लिहिली आणि त्या स्टोअरवाल्यांना, सल्लागारांना सांगितलं, तुम्हाला पटतील तसे ढीग लावा. आमच्याच बैठकीत सतरंजीवर मांडामांड. कंपनीच्या वेबसाइटवर विभागणी होती ती डिव्हिजन एक, डिव्हिजन दोन, आणि दोन मालिका साहेबांच्या पुतण्यांच्या नावाच्या. बाहेरच्या माणसाला काय कळणार डिव्हिजन एक म्हणजे काय? ती कंपनीची आतली भांडणं आणि वाटण्या. लोकांनी ढीग लावले ते बॉयलरला पाणी देणारे, ॲसिड ओढणारे, सांडपाण्याचे, बोअरचे. कोणी कुणाशी न बोलता, जवळजवळ तेच.

मी तिला म्हटलं, अगं यासाठी कार्डं कशाला, आपल्या गावाच्या वेशी बघ. डभोईच्या कोटाला चार भागोळी. वडोदरी भागोळीतून बडोद्याला जायचं, नांदोदीतून नांदोदला, चांपानेरीतून चांपानेरला. बांधणाऱ्यांनी जाणाऱ्याला कुठे जायचंय ते दारावर लिहिलं. एकटी हिरा भागोळ निराळी. कारागिरी म्हणाल तर चौघींत तिच्याइतकी कोणाची नाही, लोक बाहेरगावाहून येतात बघायला, पण ती हिराधर कारागिराच्या नावाची. त्या दारानं कुठे जातात ते नावावरून सांगता येत नाही. कंपनीनं सगळ्याच भागोळी हिरा करून ठेवल्या होत्या.

सुनेनं हे मीटिंगमध्ये जसंच्या तसं सांगितलं म्हणे. माझं नाव घेतलं की नाही ते विचारलं नाही मी.

"मीटिंगमध्ये ह्यांची फिल्म दाखवली म्हणे? परवानगी घेतली होती का?"

"सही घेतली होती वहिनी, तुमच्यादेखत. चेहरा नाही दाखवला, नुसता पडदा आणि आवाज."

टेबलाभोवती आठ-दहा जण, मार्केटिंगवाले, आयटीवाले, थोरले साहेब. आधी सगळे हसले. सूर्योदयावर क्लिक पडलं तेव्हा तर फारच. मग यादी तिसऱ्यांदा मिटली आणि भावजींचा आवाज आला, "जाऊ दे, दुसऱ्या कंपनीचं मागवतो." तेव्हा हसणं थांबलं. साहेबांनी विचारलं, हा माणूस कोण? सून म्हणाली, तुमचे सव्वीस पंप सांभाळणारा. मार्केटिंगवाल्यांनी याआधी तीन वेळा पानंच्या पानं अहवाल दिले होते, एकही पान कुणी उलटलं नव्हतं. भावजींच्या त्या एका वाक्यानं काम झालं. मला तर वाटतं, या सगळ्या शास्त्रात आकडे आहेत, नियम आहेत, पण खरा जोर आहे तो धन्याला गिऱ्हाइकाचा आवाज कानानं ऐकवण्यात. एरवी तो त्याच्यापर्यंत पोचतो कुठे? मधे सेल्सवाला, डीलर, सगळे 'सर, ऑल गुड' म्हणणारे.

तरी सगळं काही मान्य झालं नाही. आजोबांचा फोटो पहिल्या पानावरून काढायला घरातून विरोध होता, थोरल्या बांची परवानगी लागली. शेवटी आजोबा कंपनीच्या इतिहासाच्या पानावर गेले, सोबत त्यांच्या पहिल्या पंपाचा फोटो लावला, तेव्हा बा राजी झाल्या. किमतींवर तोड निघाली ती अशी की जुनं गिऱ्हाईक आपला नंबर टाकून आत गेलं की सुट्या भागांची किंमत दिसेल, नव्याला नाही. सुनेला ते पटलेलं नाही. सरकत्या चित्राला मात्र कायमची रजा.

आणि सगळ्यात चांगलं काय केलं, तर नेमप्लेट. प्रत्येक पंपावर धातूची पट्टी असते, तिच्यावर सीरियल नंबर ठोकलेला. सून दोन-तीन कारखान्यांत स्वतः जाऊन बघून आली. कुठे पट्टीवर रंग फासलेला, कुठे ग्रीस. एक फिटर खिशातून चिंधी काढतो, पट्टी पुसतो, मोबाइलनं फोटो काढतो आणि तो फोटो व्हॉट्सॲपवर भावजींसारख्या कुणालातरी पाठवतो. बाकी जग कॉम्प्युटरवर बसलंय असं कंपनी धरून चालली होती, आणि इथे सगळा कारभार तेलकट अंगठ्यानं मोबाइलवर. म्हणून आता पहिल्याच पानावर मोठी चौकट आहे, नेमप्लेटवरचा नंबर टाका. टाकला की तोच पंप उघडतो, भाग सुटे करून मांडलेलं चित्र, इंपेलर, शाफ्ट स्लीव्ह, मेकॅनिकल सील, बेअरिंग. भागावर बोट ठेवायचं, मागणीत टाकायचं. जुन्या साइटवर तर चौकशीच्या फॉर्मवर फॅक्स नंबर भरल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. भावजींनी तिथे आपल्या मेव्हण्याचा लँडलाइन लिहिला होता, तेही फिल्ममध्ये आलं.

"म्हणजे परवा परत बोलावलं ते नवीन दाखवायला."

"हो. तुम्ही चहा आणेपर्यंत भावजींचं बेअरिंग मागवून झालं होतं."

"मग घरी येऊन कुरकुरत का होते? म्हणत होते, जुनीच बरी होती."

कारण जुनीत त्यांना गोदामाचा पत्ता कुठे आहे ते पाठ झालं होतं. अगदी तळाशी, बारीक अक्षरात, पण ठाऊक होतं. नवीत तो सापडेना. सुनेला आधी वाटलं, जुन्या सवयीचा प्रश्न आहे, सुटेल. मग लक्षात आलं की भावजी तो पत्ता स्वतःसाठी बघतच नाहीत. माल आणायला टेम्पोवाला पाठवतात, त्याला फोनवर वाचून दाखवतात, कुठल्या गेटनं आत जायचं, दुपारी गोदाम किती वाजता बंद होतं ते. टेम्पोवाल्याला कुणी विचारलंच नव्हतं. आता पुढच्या आठवड्यात ती टेम्पोवाले शोधतेय. तुमच्या ओळखीचा तो चांदोद रोडचा आहे ना, त्याचा नंबर देऊन ठेवा.

"देते की. पण त्याला काय देणार? ह्यांना दिलं तसलं कूपन नको म्हणावं."

कूपनाचं मला माहीत नव्हतं. वेळ दिला म्हणून पाचशे रुपयांचं कूपन दिलं होतं म्हणे, कुठल्याशा ऑनलाइन दुकानाचं. सोळा अक्षरी नंबर, त्यात शून्य कुठलं आणि इंग्रजी ओ कुठला ते ब्रह्मदेवालाही ओळखू येऊ नये असं. भावजींनी एकदा टाकला, अमान्य. दुसऱ्यांदा टाकला, अमान्य. तिसऱ्यांदा त्या साइटनं सांगितलं, आपण यंत्रमानव नाही हे सिद्ध करा, आणि रस्त्यावरच्या सिग्नलची चित्रं ओळखायला लावली. ती ओळखेपर्यंत वेळ संपली.

"टेम्पोवाल्याला रोख द्या म्हणावं," वहिनी म्हणाल्या. "आणि सुनेला सांगा, पंपवाल्यांचं झालं की त्या कूपनवाल्यांकडे जा. ह्यांना बसवते मी समोर, आणि या खेपेला मी एक शब्द बोलणार नाही."